राम गणेश गडकरी व सुधाकराचा आजार

आपल्या धाराशिवाकडे मद्यप्यास तळीराम म्हणतात. परंतु हा एका नाटकातील मनुष्य होय, हे म्हणणाऱ्या पुष्कळांस ठाऊक नसते. त्याचे जनक राम गणेश गडकरी यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजराथेत नवसारी येथे झाला. वडील बालपणीच वारले. पुण्यास फर्ग्युसन कॉलेजातील शिक्षण अपुरे राहिले व ते किर्लोस्कर नाटक मंडळीत बालनटांस शिकवू लागले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांस त्यांनी गुरू मानिले. गोविंदाग्रज या नावाने कविता व बाळकराम या नावाने विनोदी लेख लिहिले.

'प्रेमसंन्यास' या पहिल्या नाटकात त्यांनी गोकुळ हा विसराळू गृहस्थ आणिला. त्याच्या विस्मरणास प्रेक्षक पोट धरून हसले. आम्हीही हसलो आहो. मात्र घरातील एखादा वृद्ध स्वतःच्या मुलाचे नाव विसरू लागला म्हणजे ते हसू घशातच अडकते.

'एकच प्याला' लिहिताना नाटककाराची दृष्टी पालटलेली दिसते. सुधाकर हा बुद्धिमान व मानी वकील. न्यायालयात अपमान होऊन त्याची सनद काही काळ रद्द होते आणि तळीराम त्याच्या हाती पहिला पेला देतो. येथे गडकऱ्यांनी सुधाकरास दुष्ट रंगविले नाही, ही त्यांची थोरवी. तो शुद्धीवर येतो, व्यसन सोडण्याचा निश्चय करितो, कामासाठी लोकांकडे जातो, आणि अवहेलना पदरी पडताच पुन्हा पेल्याकडे वळतो. वैद्यकशास्त्र आज व्यसनास मेंदूचा आजार मानिते. निश्चय टिकविणारी शक्तीच त्यात दुबळी होते. अतिमद्यपानाने तोल जाणे, दृष्टी बिघडणे, स्मृती नष्ट होणे, यांची वर्णने वेर्निके (१८८१) व कोर्साकोव्ह (१८८७) या वैद्यांनी गडकऱ्यांच्या जन्माच्या सुमारासच केली होती. अन्नातील ब-१ जीवनसत्त्वाची उणीव हे त्याचे कारण मागाहून कळले. तळीरामाच्या आजारपणात वैद्य व डॉक्टर भांडतात, तो प्रवेश मात्र निव्वळ थट्टेचा आहे.

सुधाकराच्या हातून पोटचे मूल जाते, पत्नी सिंधूही जाते, व अखेर तो स्वतः विष घेतो.

या सुमारास गडकऱ्यांस क्षयाने ग्रासिले होते. 'भावबंधन' त्यांनी आजारपणातच पुरे केले, आणि २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे, वयाच्या ३३व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. पुढल्याच महिन्यात बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. सिंधू झाले होते बालगंधर्व, व सुधाकर गणपतराव बोडस.