रबराचा ध्यास

लोखंड वितळवून साच्यात ओतावे व निवू द्यावे, म्हणजे ते साच्याचा आकार धारण करते. रबराची रीत मात्र उलटी आहे. गंधक मिसळलेला रबराचा मऊ गोळा लोखंडी साच्यात दाबून बसवितात आणि साचा तापवितात. उष्णतेने गंधक रबराचे लांब लांब रेणू एकमेकांस सांधते व वस्तूचा आकार कायम होतो. मग ती पुन्हा तापविली तरी मेणासारखी वितळत नाही. मोटारीचे टायर आणि शेकण्याच्या पिशव्या अशाच घडतात. ही किमया चार्ल्स गुडइयर याच्या हाती लागली.

चार्ल्सचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतील न्यू हेवन येथे झाला. वडिलांबरोबर तो लोखंडी सामानाचा व्यापार करी. तो व्यापार बुडाला आणि कर्जापायी चार्ल्सला तुरुंगात जावे लागले.

त्या काळी रबरी वस्तू उन्हाळ्यात चिकट होत व त्यांना दुर्गंधी सुटे. हिवाळ्यात त्या लाकडासारख्या ताठ होत. हा दोष घालविण्याचा ध्यास चार्ल्सने १८३४ मध्ये घेतला. रसायनशास्त्र तो शिकला नव्हता. तुरुंगातच त्याने पत्नीकडून लाटणे मागविले आणि रबर मळण्यास आरंभ केला! चुना, टर्पेंटाइन, जे सुचेल ते तो त्यात मिसळून पाही. पुढे सरकारने त्याला टपालाच्या दीडशे पिशव्या करावयास सांगितल्या. पिशव्या सुरेख झाल्या. परंतु उबदार खोलीत ठेवताच त्या चिकट होऊन बिघडल्या.

घरात अन्नाची भ्रांत पडली. मुलांची शाळेची पुस्तकेदेखील त्याने विकली. त्याच्या चिकाटीचे कौतुक करावे खरे, पण त्या चिकाटीची किंमत पत्नी क्लॅरिसा आणि मुले यांनीच अधिक मोजली.

रबरात गंधक मिसळण्याची युक्ती त्याला नॅथॅनियल हेवर्ड याच्याकडून मिळाली होती. १८३९ मध्ये वोबर्न गावी असा एक तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. तो वितळावयास हवा होता. पण चामड्यासारखा करपला, आणि करपलेल्या भागाच्या कडेला लवचिक, न चिकटणारे रबर दिसले. आजवर जी उष्णता रबराची वैरीण होती, तीच त्याला टिकाऊ करीत होती! मात्र किती उष्णता द्यावी आणि किती वेळ, हे ठरविण्यात पुढची वर्षे गेली. कधी घरच्या भट्टीत, तर कधी किटलीच्या वाफेवर त्याने तुकडे भाजून पाहिले. अखेर १५ जून १८४४ रोजी त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले.

इंग्लंडमध्ये मात्र टॉमस हॅनकॉक याने त्याचे नमुने पाहून आपणच आधी हक्क मिळविले. कोर्टकचेऱ्यांत चार्ल्सचा पैसा गेला. १ जुलै १८६० रोजी न्यूयॉर्क येथे तो मरण पावला, तेव्हा त्याच्यावर सुमारे दोन लाख डॉलर कर्ज होते. पुढे १८९८ मध्ये टायरच्या एका कंपनीने आदराने त्याचे नाव घेतले. त्या कंपनीशी गुडइयर कुटुंबाचा काही संबंध नव्हता.