मातीतले पीकपाणी शोधणारे डॉ. सांकलिया

महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून सांगण्याची प्रथा मोडण्यात मोठा वाटा डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांचा. १९०८ मध्ये मुंबईत जन्मलेल्या सांकलियांचा पिंड मूळचा संस्कृतच्या अभ्यासकाचा. नालंदा विद्यापीठावर प्रबंध, पुढे लंडनची पीएच.डी. १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले आणि पोथ्यांपेक्षा खापरांवरचा त्यांचा भरवसा वाढत गेला. जोर्वे, नेवासे, नर्मदाकाठचे नावडाटोली येथे उत्खनने झाली. पण आपल्या शेतकऱ्याची कुळकथा सविस्तर उलगडली ती शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावी. १९६८ पासून डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांच्यासह तेथे काम चालले. सातूचे जळालेले दाणे, मसूर, वाटाणा, धान्याचे कोठार, इतकेच नव्हे तर पाणी वळवणारा बांध आणि पाटही निघाला. काळ इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७००. पुढे पाऊस उणावला, शेती खालावली आणि माणसे पुन्हा गुरामेंढरांमागे भटकू लागली, असा अर्थ या संशोधकांनी लावला. अवर्षणाचा हा दाखला तीन हजार वर्षांपूर्वीचा! १९७४ मध्ये सांकलियांना पद्मभूषण मिळाले. इनामगावचा अहवाल प्रसिद्ध व्हायला मात्र १९८८ उजाडले. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.