गव्हर्नरसाहेबांचे कॉलेज

गव्हर्नरपदानंतर कॉलेज चालविणारे एक गृहस्थ अमेरिकेत होऊन गेले. जोशुआ चेंबरलेन (१८२८–१९१४) हे मूळचे मेन राज्यातील बोडन कॉलेजचे प्राध्यापक. युरोपात भाषा शिकण्यासाठी मिळालेली रजा घेऊन हे गृहस्थ १८६२ मध्ये यादवी युद्धात दाखल झाले! गेटिसबर्गला नाव कमावून जनरल झाले, पुढे चार वेळा मेनचे गव्हर्नर. १८७१ मध्ये बोडनचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

प्राचीन भाषांवर पोसलेल्या त्या कॉलेजात त्यांनी विज्ञान व इंजिनिअरिंग आणले. येथवर ठीक. पण लष्करी कवायतही सक्तीची केली. १८७४ मध्ये मुलांनी कवायतीस साफ नकार दिला. जनरलसाहेबांनी त्यांना घरी धाडले आणि, पालकहो, पत्रे आईबापांना लिहिली: मुलगा मुदतीत कबूल होऊन परतला नाही, तर नाव कमी. बहुतेक सारे परतले. रजेवरून थेट रणांगणावर गेलेल्या माणसाने इतके कडक व्हावे, याची गंमत वाटते.

पुढे कवायत ऐच्छिक झाली, १८८२ मध्ये बंदच पडली. विज्ञानाचा वेगळा अभ्यासक्रमही टिकला नाही. युद्धातील जखम जन्मभर ठसठसत राहिली. १८८३ मध्ये त्यांनी पद सोडले. विश्वस्त मात्र अखेरपर्यंत राहिले.