डाव्या हातातला जवा

आपल्या मराठी भाषेने डाव्या हाताला फारसा मान दिलेला नाही. दोघांत जो सरस ठरतो तो उजवा. ज्याला बाजूला सारले त्याला डावलले. सहज उरकणारे किरकोळ काम म्हणजे डाव्या हाताचा मळ! प्रसाद उजव्या हातात घ्यायचा, ओवाळायचे उजव्या हाताने, पानावर बसल्यावर घासही उजव्यानेच. मी स्वतः डावखुरी आहे. भाकरी डाव्या हाताने थापते म्हणून घरात बोलणी खाल्ली आणि शाळेत डाव्या हातात पेन्सिल दिसली की बोटांवर पट्टी बसे. आज मी उजव्या हाताने लिहिते; पण हाताचा हा प्रश्न मनातून गेलेला नाही. म्हणूनच ज्यांनी डाव्या हाताने सरोद छेडून हिंदुस्थानी संगीतात एक थोर परंपरा उभी केली, त्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे चरित्र आपल्या वार्षिकांकातून मांडावेसे वाटले.

प्रथम वाद्य आणि हात यांचे नाते पाहू. स्नेहसंमेलनात आपले मित्र गिटार वाजवतात. उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हाताच्या बोटांनी त्या पट्टीवर दाबून स्वर काढायचे, अशी तिची रचना. सहा तारांपैकी सर्वांत जाड तार वर आणि सर्वांत बारीक खाली असते. डावखुऱ्याने गिटार नुसती उलटी धरली तर हा क्रम उलटा होतो. म्हणून तारा काढून त्या उलट्या क्रमाने बसवाव्या लागतात. तारांच्या जाडीप्रमाणे कोरलेल्या खाचांचाही विचार करावा लागतो. अमेरिकेचा जगप्रसिद्ध गिटारवादक जिमी हेंड्रिक्स (१९४२–१९७०) उजव्या हातासाठी बनवलेली गिटार उलटी करून, तारा बदलून वाजवीत असे. आपल्याकडे तबल्याच्या जोडीला तर दायाँ-बायाँ अशी नावेच हातांवरून पडली आहेत.

सरोदाचेही असेच आहे. नारळाच्या करवंटीचा जवा उजव्या हातात धरून तारा छेडायच्या आणि डाव्या हाताची बोटे धातूच्या गुळगुळीत पट्टीवरून सरकवायची, ही रूढ पद्धत. सतारीसारखे पडदे येथे नाहीत. त्यामुळे स्वराची नेमकी जागा बोटाला आणि कानालाच शोधावी लागते. अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या हातात मात्र हे सारे उलट दिसते. जवा डाव्या हातात, पट्टीवरची बोटे उजव्या हाताची. त्यांचे छायाचित्र पाहणाऱ्याला क्षणभर वाटते की छापणाऱ्याने ते उलटे छापले!

खाँसाहेबांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आज बांगलादेशात असलेल्या ब्राह्मणबाडिया भागातील शिबपूर या खेड्यात झाला. घरात संगीत होते. थोरले बंधू आफताबुद्दीन यांच्याकडून पहिले धडे मिळाले. पण मुलाची तहान मोठी. लहान वयातच तो घरातून पळाला आणि जात्रा करणाऱ्या मंडळींबरोबर हिंडला. पुढे कलकत्त्यास येऊन त्याने गोपालचंद्र भट्टाचार्य यांच्याकडे गायन शिकण्यास आरंभ केला. या गुरूंना लोक नुलो गोपाल म्हणत. बंगालीत नुलो म्हणजे लुळ्या हाताचा. प्लेगने गुरू गेले आणि शिष्य गायनाकडून वाद्यांकडे वळला. स्टार थिएटरचे संगीत सांभाळणारे अमृतलाल दत्त यांच्याकडे त्याने अनेक वाद्ये हाताळली. लोबो नावाच्या गोव्याच्या बँडमास्टरकडून पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकला.

मुक्तागाछा येथील जमीनदार जगत्किशोर आचार्य यांच्याकडे अहमद अली खाँ यांचा सरोद कानी पडला आणि हेच आपले वाद्य असे अल्लाउद्दीन यांनी ठरवले. अहमद अलींकडे काही वर्षे काढून ते रामपूरला गेले. तेथे तानसेनाच्या वंशातले बीनकार वजीर खाँ होते. पण त्यांची भेटही दुर्लभ! तेव्हा या तरुणाने नवाबाच्या गाडीपुढे स्वतःला झोकून देऊन आपले गाऱ्हाणे मांडले, अशी कथा सांगतात. शिष्यत्व मिळाले तरी प्रत्यक्ष विद्या मिळण्यासाठी बराच काळ वाट पाहावी लागली. ना घराण्याचे नाव पाठीशी, ना पैसा. ज्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी पूर्वी कुणी चढलेले नाही, अशा माझ्यासारख्यांना या प्रतीक्षेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

१९१८ च्या सुमारास मध्य भारतातील मैहर संस्थानचे महाराज ब्रिजनाथसिंह यांनी त्यांना दरबारी नेमले आणि मैहर हेच त्यांचे कायमचे घर झाले. त्याच काळात इन्फ्लुएन्झाच्या साथीने अनेक मुले पोरकी झाली होती. अशा मुलांना गोळा करून खाँसाहेबांनी वाद्यवृंद उभा केला. तोच पुढे मैहर बँड म्हणून प्रसिद्धीस आला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी नलतरंग हे वाद्य बनवले. धाकटे बंधू आयेत अली खाँ यांच्या साहाय्याने सरोदाचा भोपळा अधिक गोलाकार केला, तारा वाढवल्या. वाद्य हे माणसासाठी आहे आणि गरजेप्रमाणे ते बदलता येते, हे त्यांनी कृतीने दाखवले. १९३५–३६ मध्ये उदय शंकर यांच्या पथकाबरोबर ते युरोपातही जाऊन आले. धर्माने मुसलमान असलेले हे बाबा मैहरच्या शारदादेवीचे निस्सीम भक्त होते.

गुरू म्हणून ते अत्यंत कडक. चूक झाली की संताप अनावर होई आणि शिष्यांना मारही बसे. येथेच मला त्यांच्या चरित्रातली सर्वांत मोलाची गोष्ट दिसते. इतक्या कठोर गुरूने आपला डावा हात मात्र कुणावर लादला नाही! पुत्र अली अकबर खाँ यांनी सरोद रूढ पद्धतीने उजव्या हाताने छेडला. रविशंकर आणि निखिल बॅनर्जी यांची सतारही उजव्या हाताचीच. समोर डाव्या हाताने वाजवणारा गुरू बसला की शिष्याला आरशात पाहिल्यासारखे दिसणार; पण त्याने अडले नाही. कारण बाबा मुख्यतः गाऊन शिकवीत. राग गळ्यातून कानात जाई आणि ज्याच्या त्याच्या हातातून, ज्याच्या त्याच्या वाद्यावर उतरे. म्हणून तर सरोदवादकापासून सतार, बासरी आणि व्हायोलिन वाजवणारे शिष्य तयार झाले. आपल्या महाराष्ट्राचे व्हायोलिनवादक विष्णू गोविंद जोग यांनीही त्यांचे मार्गदर्शन घेतले.

बाबांची कन्या अन्नपूर्णादेवी (१९२७–२०१८) यांनी ही विद्या मुंबईत आणली. त्यांच्याकडे शिकण्यासाठी हरिप्रसाद चौरसिया आले तेव्हा ते नामवंत वादक होते. सारे नव्याने शिकण्याची आपली तयारी आहे हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी बासरी धरण्याची बाजूच बदलली. उजवीकडची बासरी डावीकडे नेली. सरळ रेषेत छिद्रे असलेल्या बासरीला दोन्ही बाजू सारख्याच, त्यामुळे वाद्याची आडकाठी नव्हती. मात्र वर्षानुवर्षे वळण लागलेली बोटे त्यांना पुन्हा पहिल्यापासून घडवावी लागली. हात बदलता येतो, हे त्यांनी दाखवले. पण तो त्यांनी स्वतःच्या इच्छेने बदलला. पट्टीच्या धाकाने बदललेला हात आणि साधनेसाठी बदललेला हात यांत मोठे अंतर आहे.

भारत सरकारने खाँसाहेबांना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरवले. ६ सप्टेंबर १९७२ रोजी मैहर येथे त्यांचे देहावसान झाले.

गिटार असो वा सरोद, दोन्ही हातांना सारखेच कष्ट पडतात. उजव्या हाताचा गिटारवादक आपल्या डाव्याच हाताच्या बोटांना सर्वांत नाजूक काम सांगत असतो, हे किती जणांच्या ध्यानात येते? तेव्हा आपल्यातील जे उद्या शिक्षक होतील, पालक होतील, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. एखादे मूल डाव्या हाताने पेन्सिल, बॅट किंवा गिटार उचलेल, तेव्हा त्याचा हात बदलण्याआधी थोडे थांबावे. त्याला ताल, सूर आणि मेहनत शिकवावी; हात त्याचा त्याला निवडू द्यावा.