सायकलच्या चाकापासून लोखंडी नांगरापर्यंत. कोण होते लक्ष्मणराव किर्लोस्कर?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९चा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण रंगांधळेपणामुळे चित्रकला सुटली. मग ते यंत्रांची रेखाटने शिकले.

१८८८ मध्ये बेळगावात त्यांनी सायकल दुरुस्तीचे दुकान काढले. या कामात चाक काढणे सोपे, नीट बसवणे महत्त्वाचे. ॲक्सल मधोमध आणि दोन्ही नट घट्ट हवेत. नाहीतर चाक डगमगते, स्वार पडतो.

१९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली.

१९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.