एका लेकीचे पाऊल

शिर्डीच्या दर्शनरांगेत अशी एखादी आई हमखास दिसते. कडेवरचे मूल चांगले सहा-सात वर्षांचे, पण पाय कात्रीसारखे एकमेकांवर आवळलेले. डॉक्टर याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. जन्माच्या आगेमागे मेंदूला झालेली ही इजा भरून येत नाही. व्यायामाने मात्र शरीर पुष्कळ काही शिकते. हात जोडून आई गावी परतते, तेव्हा प्रश्न उरतोच, उद्या सकाळी या पायांसाठी करायचे काय?

ऐंशी वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका आईपुढे हाच प्रश्न उभा होता. तिचे नाव फातिमा इस्माईल.

माहेर सोबानींचे, सुखवस्तू. भाऊ उमर सोबानी गिरणीमालक आणि गांधीजींचे सहकारी. १९२१ साली परळला परदेशी कापडाची होळी पेटली ती त्यांच्याच गिरणीच्या आवारात. फातिमाबाईही स्त्रियांच्या चळवळीत वावरणाऱ्या. त्यांची चिमुरडी लेक पोलिओने आजारी पडली आणि घराचे चित्रच पालटले. पोलिओची लस यायला अजून दहाएक वर्षे होती. डॉक्टरांचे उंबरे झिजवून झाले. अखेर मद्रासचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. किणी यांच्याकडे वाट सापडली. स्नायू आखडू द्यायचे नाहीत, रोज व्यायाम, न कंटाळता. लेक सुधारू लागली.

इथे एखादी आई सुटकेचा श्वास टाकून घरी बसली असती. फातिमाबाईंना मात्र इतरांची मुले दिसू लागली. ज्यांना मद्रास परवडणार नव्हते, त्यांनी कुठे जायचे? १९४७ साली डॉ. बाळिगा यांनी आपली जागा दिली आणि मुंबईत अपंग मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू झाले. त्यातूनच पुढे हाजी अलीचे मुलांचे रुग्णालय उभे राहिले. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९७८ साली त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या. १९८७ साली त्यांचे निधन झाले.

२०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. सेरेब्रल पाल्सीची मुले मात्र आहेतच. पोलिओत स्नायू लुळे पडतात, इथे ते बहुधा ताठरतात. दोन्हीकडे गरज एकच, तीच हालचाल पुन्हा पुन्हा करवून घेण्याची. आता त्यासाठी रोबो आले आहेत. मुलाला पट्ट्यांनी तोलून सरकत्या पट्ट्यावर उभे करतात, पायांना बांधलेल्या मोटारी पाऊल उचलून देतात. माणसाचे हात जिथे थकतात, तिथे यंत्र अर्ध्या तासात शेकडो पावले टाकून घेते. पण यंत्र महाग, मोठ्या शहरांतच सापडणारे, आणि त्याने एकट्याने मूल चालू लागते असे नाही. घरचा रोजचा व्यायाम सुटत नाही.

म्हणून रांगेतल्या त्या आईला फातिमाबाईंची गोष्ट कुणीतरी सांगायला हवी. आणि जवळच्या व्यायामोपचार केंद्राचा पत्ताही.