राजघराण्यातल्या अंत्ययात्रा सांभाळणाऱ्या घरातल्या माणसाने ६६व्या वर्षी २१ किलो वजन घटवलं आणि जगाला डाएटचं वेड लागलं

स्वीडनमध्ये वजन कमी करण्यासाठी कुणी खाणं आवरतं घेतलं, तर त्यासाठी आजही ‘बांता’ असं क्रियापद वापरतात. हा शब्द कुठल्या भाजीवरून किंवा व्यायामावरून आलेला नाही. तो आलाय एका माणसाच्या आडनावावरून. आणि हा माणूस डॉक्टर नव्हता, पैलवान नव्हता, स्वीडिश तर अजिबातच नव्हता.

त्यांचं नाव विल्यम बँटिंग. लंडनमधले एक खातेपिते, निवृत्त व्यावसायिक. (इन्सुलिनच्या शोधामुळे गाजलेले फ्रेडरिक बँटिंग वेगळे, ते बरेच नंतरचे.)

बँटिंग यांचा जन्म १७९६ चा. घरचा धंदा लाकडी फर्निचर बनवण्याचा आणि अंत्यसंस्काराची सगळी व्यवस्था करण्याचा. त्या काळात इंग्लंडमध्ये हे दोन धंदे एकाच दुकानात चालायचे, कारण कपाट करणारा सुतारच शवपेटीही करायचा. पण बँटिंग घराण्याचं गिऱ्हाईक साधंसुधं नव्हतं. १८२० साली राजा तिसरा जॉर्ज गेला, १८३० साली चौथा जॉर्ज गेला, १८५२ साली नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन गेला. या सगळ्यांच्या अंत्यसंस्कारांचं काम बँटिंग यांच्या फर्मकडे होतं. डिसेंबर १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट वयाच्या अवघ्या ४२व्या वर्षी गेला, तेव्हाही हीच फर्म.

थोडक्यात, पैसा होता, प्रतिष्ठा होती, मोठमोठ्या लोकांत ऊठबस होती. घरात आई-वडिलांकडून लठ्ठपणाचा वारसाही नव्हता. तरी तिशी ओलांडल्यावर बँटिंग यांचं वजन वाढायला लागलं.

आता इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चाळिशी-पन्नाशीतला माणूस जाड झाला की लोक लगेच म्हणतात, इच्छाच नाही हो याला, आळशी आहे. बँटिंग यांच्या बाबतीत हे साफ खोटं ठरतं. त्यांनी जवळपास तीस वर्षं वजनाशी झगडा केला. तोही अगदी नेटाने.

सुरुवातीला एका नामांकित सर्जन मित्राने सांगितलं, शरीराला कष्ट द्या. बँटिंग नदीजवळ राहत होते. त्यांनी एक चांगली जड, भक्कम होडी घेतली आणि रोज पहाटे दोन-दोन तास वल्हवायला लागले. हात दणकट झाले, छाती भरली. पण त्याचबरोबर भूकही अशी खवळली की जेवण वाढलं आणि काटा खाली येण्याऐवजी वर सरकला. शेवटी त्याच मित्राने सांगितलं, राहू द्या ही होडी.

मग सुरू झाली उपायांची रांग. समुद्रस्नान केलं. पायी फिरले, घोड्यावर फिरले. लेमिंग्टन, चेल्टनहॅम, हॅरोगेट अशा त्या काळच्या प्रसिद्ध ठिकाणी जाऊन तिथलं औषधी पाणी प्यायले. डॉक्टरांनी दिलेली क्षारयुक्त औषधं अक्षरशः गॅलनच्या हिशेबाने पोटात घातली. घाम काढायला तुर्की हमामखाने गाठले, तेही आठवड्याला तीन-तीन वेळा. असे ९० हमाम झाल्यावर हिशेब केला, तर उतरलं होतं फक्त ६ पौंड. म्हणजे पावणेतीन किलोसुद्धा नाही!

उपासमारही करून झाली. दिवसाला जेमतेम काही पेन्सचं खायचं असा प्रयोग केला. त्याने वजन हललं नाही, पण अंगात त्राण उरलं नाही. वर अंगभर गळवं आली. त्यातली दोन इतकी मोठी होती की चिरून काढावी लागली.

बँटिंग यांच्याजागी दुसरा कुणी असता, तर त्याने दहाव्या वर्षीच नाद सोडला असता.

१८६२ उजाडलं तेव्हा परिस्थिती अशी होती. उंची ५ फूट ५ इंच, वजन २०२ पौंड म्हणजे जवळपास ९२ किलो. वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. जिना उतरताना गुडघ्यांवर आणि घोट्यांवर भार पडू नये म्हणून ते उलटे, पाठमोरे, एकेक पायरी हळूहळू उतरायचे. गुडघ्यांना पट्ट्या, बेंबीजवळ हर्निया झालेला म्हणून तिथेही पट्टा. नजर कमी झालेली, कानाला नीट ऐकू येत नव्हतं. थोडं चाललं तरी धाप लागायची.

आणि लोकांचे टोमणे होतेच. घोडागाडीत बसताना, नाटकगृहातल्या खुर्चीत शिरताना आजूबाजूचे लोक हसायचे, शेरे मारायचे. बँटिंग यांनी पुढे हे सगळं मोकळेपणाने लिहून ठेवलं. या चेष्टेचा त्यांच्यावर परिणाम काय झाला? वजन कमी झालं? मुळीच नाही. त्यांनी गर्दीच्या ठिकाणी जाणं कमी केलं, इतकंच. मित्रमंडळींना टोमणे मारून ‘मोटिव्हेट’ करणाऱ्यांनी हा तपशील जरूर वाचावा.

तीस वर्षांनी गाडी रुळावर आली ती वजनामुळे नव्हे, कानामुळे.

ऑगस्ट १८६२ मध्ये ऐकू येण्याचा त्रास फारच वाढला म्हणून बँटिंग यांनी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं ठरवलं. आधी गाठलेल्या नावाजलेल्या डॉक्टरांनी तक्रार फारशी मनावर घेतली नाही. नंतर ते सुट्टीवर गेले, म्हणून बँटिंग सोहो स्क्वेअरमधल्या दुसऱ्या कानतज्ज्ञाकडे पोहोचले. त्यांचं नाव विल्यम हार्वे. डॉक्टर सुट्टीवर असणं ही एरवी रुग्णाच्या कपाळावर आठ्या आणणारी गोष्ट, पण इथे तीच पथ्यावर पडली.

हार्वे यांनी तपासलं आणि सांगितलं की दुखणं कानाचं नाही, चरबीचं आहे. चरबीचा दाब आतल्या मार्गांवर पडतोय म्हणून ऐकू येत नाही.

हार्वे यांच्या डोक्यात हे कुठून आलं, तर पॅरिसमधून. १८५६ साली ते तिथे क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकून आले होते. यकृत फक्त पित्त तयार करत नाही, तर शरीरासाठी साखरही तयार करतं, हे बेर्नार यांनी दाखवून दिलं होतं. मधुमेहाच्या रुग्णांना तेव्हा साखर आणि पिठूळ पदार्थ बंद करून मांसाहार देत. हार्वे यांनी दोन गोष्टी जोडल्या. जनावरं पुष्ट करायची तर त्यांना पिठूळ आणि गोड खाद्य देतात, हे शेतकऱ्यांना माहीत होतंच. मग माणसाच्या ताटातून तेच काढून घेतलं तर?

ही कल्पना अगदी नवी होती असंही नाही. फ्रान्समध्ये ब्रिया-सावारँ यांनी १८२५ च्या त्यांच्या खाण्यावरच्या प्रसिद्ध पुस्तकात लठ्ठपणाचं खापर पिठूळ पदार्थांवर फोडलं होतं. पण लंडनच्या डॉक्टरांपैकी कुणी बँटिंग यांना हे सांगितलं नव्हतं.

हार्वे यांनी बंद केलं ते असं : पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा. बँटिंग चक्रावले. कारण आयुष्यभर ते हेच खात आले होते आणि हे सगळं त्यांना साधं, सात्त्विक, निरुपद्रवी वाटत होतं. आपण काही खादाड नाही, मग वजन का वाढतं, या कोड्याचं उत्तर त्यांच्या नाश्त्याच्या ताटात होतं.

खायचं काय, तर सकाळी, दुपारी आणि रात्री मोजून मांस किंवा मासे, बटाटा सोडून बाकी भाज्या, थोडी फळं, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा आणि अगदी तळहाताएवढा कोरडा टोस्ट. पोर्क मात्र नाही. नाश्त्याला साधारण सव्वाशे ग्रॅम मांस, दुपारी दीडशेच्या आसपास. आणि वर दुपारी रेड वाईनचे दोन-तीन ग्लास, रात्री पुन्हा एक-दोन, शिवाय झोपण्याआधी लागलीच तर बिनसाखरेची जिन किंवा व्हिस्की! आजचा कुठलाही डॉक्टर हा शेवटचा भाग बघून डोक्याला हात लावेल. ६६ वर्षांच्या माणसाने रोज इतकी दारू प्यावी असं कुणीही सुचवणार नाही. मांसाचा इतका मारा मूत्रपिंडाचा किंवा युरिक ॲसिडचा त्रास असलेल्याला झेपणाराही नाही. म्हणून ही यादी फ्रीजवर चिकटवण्यासाठी नाही, १८६२ सालची म्हणून वाचायची.

पण बँटिंग यांच्यावर तिचा परिणाम झाला. आणि लगेच दिसायला लागला. पहिल्या काही दिवसांतच शांत झोप लागायला लागली.

ते दर तीन आठवड्यांच्या आसपास वजन करायचे आणि तारखेसकट नोंद ठेवायचे. धंद्यातली शिस्त इथे कामाला आली. ख्रिसमसच्या सुमारास काटा १८४ पौंडांवर होता. १८६३ च्या ऑगस्टअखेरीस १५६. एका वर्षात ४६ पौंड, म्हणजे जवळपास २१ किलो उतरले. कमरेचा घेर १२ इंचांनी घटला.

आकडा मोठा वाटतो. पण आठवड्याचा हिशेब काढला तर सरासरी ४०० ग्रॅम. रोज आरशात बघून काहीही कळणार नाही इतका कमी. नोंदवही नसती तर बहुतेक दुसऱ्या महिन्यातच त्यांना वाटलं असतं की हाही उपाय आधीच्या ९० हमामांसारखाच. तीस वर्षं त्यांच्याकडे इच्छा होती, कष्टाची तयारी होती, पैसा होता. नव्हतं ते इतकंच : आपण करतोय ते चालतंय, याचा पुरावा. तो हातात पडला आणि पुढचं वर्षभर त्यांना कुणी ढकलावं लागलं नाही.

वजनापेक्षा त्यांना अप्रूप होतं ते छोट्या गोष्टींचं. जिना सरळ उतरता यायला लागला. बुटाची नाडी स्वतः बांधता आली. गुडघ्याच्या पट्ट्या सुटल्या, कान सुधारले. जुने कपडे तर इतके ढगळ झाले की नव्या कपड्यांवरून चढवता यायचे.

स्वतःच्या चुकीचं त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण मोठं मजेशीर आहे. घोड्याला तरुणपणी कडधान्य मानवतं, म्हातारपणी तेच बाधतं. माणसाचंही तसंच, असं त्यांचं म्हणणं. तिशीपर्यंत पचणारं पाव-बटाट्याचं जेवण पन्नाशीत तितक्याच प्रमाणात चालत नाही, हे त्यांना तीस वर्षांनी कळलं होतं. आणि हे आधी का कुणी सांगितलं नाही, याचा त्यांना राग होता.

त्या रागातून आणि कृतज्ञतेतून १८६३ मध्ये त्यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली, ‘लेटर ऑन कॉर्प्युलन्स’. म्हणजे लठ्ठपणाविषयी एक पत्र, जनतेला उद्देशून. स्वखर्चाने छापली आणि फुकट वाटली. पहिल्या हजार प्रती संपल्या, पुन्हा छापली, तीही वाटली. मागणी आवरेना तेव्हा तिसरी आवृत्ती विक्रीला काढली. काही वर्षांत साठ हजारांहून जास्त प्रती खपल्या. त्यातून आलेला नफा त्यांनी धर्मादाय संस्थांना दिला. अनोळखी जाड माणसांची पत्रं गठ्ठ्यांनी यायला लागली.

लोक एकमेकांना विचारू लागले, तुम्ही बँट करता का? आडनावाचं क्रियापद झालं आणि समुद्र ओलांडून स्वीडनला जाऊन बसलं.

डॉक्टर मंडळी मात्र खवळली. शवपेट्या विकणारा आता वैद्यक शिकवणार का, असा एकूण सूर होता. वैद्यकीय नियतकालिकांनी टीका केली, मासिकांनी खिल्ली उडवली. यातली सगळीच टीका जळकेपणाची नव्हती, हेही सांगायला हवं. एका माणसाला लागू पडलेला उपाय सगळ्यांना लागू पडेलच असं नाही, हा आक्षेप तेव्हाही रास्त होता आणि आजही आहे. तेव्हा कॅलरीचा हिशेब कुणी करत नव्हतं. बिअर, साखर, पाव आणि लोणी एकदम बंद झाल्यावर बँटिंग एकूणच कमी खात होते, हेही उघड आहे.

गंमत म्हणजे अलीकडे दक्षिण आफ्रिकेत ‘बँटिंग’ नावाचं डाएट पुन्हा जोरात आलं. त्यात लोणी आणि तूप-तेल भरपूर चालतं. मूळ बँटिंग यांना लोण्याचा तुकडासुद्धा वर्ज्य होता.

हार्वे यांना या प्रसिद्धीचा त्रासच जास्त झाला. रुग्ण प्रसिद्ध झाला आणि टीकेची झळ मात्र डॉक्टरपर्यंत पोहोचली. लठ्ठपणावरचं त्यांचं स्वतःचं पुस्तक आलं ते १८७२ मध्ये.

बँटिंग पुढची पंधरा वर्षं जगले. १८७८ च्या मार्चमध्ये लंडनमध्ये त्यांचं निधन झालं, वयाच्या ८१व्या वर्षी. ब्रॉम्प्टनच्या दफनभूमीत त्यांना पुरलं. घरचा धंदा पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवला. १९०१ साली राणी व्हिक्टोरिया गेली, तेव्हा अंत्यसंस्काराचं काम पुन्हा बँटिंग यांच्याच फर्मकडे आलं.